आमचा ऋणानुबंध

लखनौच्या कैसरबागेत आम्ही प्रथम गेलो ते गाणे ऐकण्यासाठी. दुसऱ्यांदा गेलो ते प्रतिवादी म्हणून. या दोन खेपांमध्ये जवळजवळ अडीच वर्षांचे अंतर होते. पहिल्या खेपेस आमची नुकतीच या शहरी बदली झाली होती आणि परप्रांतात आलेल्या कोणत्याही मराठी माणसाप्रमाणे आम्ही आपल्या माणसांच्या खुणा शोधीत हिंडत होतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे संगीताचे महाविद्यालय निघाले; प्रांताच्या इंग्रज गव्हर्नराच्या नावाने ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाई. आज त्याचे विद्यापीठ झाले आहे आणि त्यास पंडितजींचे नाव आहे. त्या वास्तूसमोर उभे असताना आमचा ऊर अभिमानाने भरून आला होता. तेथून थोड्याच अंतरावर जिल्हा न्यायालय आहे, याकडे त्या दिवशी आमचे लक्षही गेले नाही. भातखंडे हे स्वतः कायद्याचे पदवीधर. त्यांनी वकिली सोडून गाणे धरले. आम्ही गाणे ऐकावयास म्हणून आलो आणि शेवटी वकील धरला. ही अधोगती कशी झाली, ते सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीत असलेल्या बांधवांस त्यात काही उपयोगाचे सापडले, तर आमची नामुष्की अगदीच वाया गेली असे होणार नाही.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहो. पुण्यास असताना एके दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी गळपट्टा बांधलेला एक चुणचुणीत तरुण आमच्या टेबलाशी आला आणि त्याने आम्हांस ‘सर’ म्हणून हाक मारली. कार्यालयात आम्हांस अशा नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. क्रेडिट कार्ड घेण्यास आम्ही ‘पात्र’ ठरलो आहो, असे त्याने सांगितले. पात्र ठरणे या शब्दाची गोडी पदोन्नतीची वाट पाहणाऱ्या कारकुनावाचून इतरांस कळावयाची नाही. दहा मिनिटांत आम्ही तीन ठिकाणी सह्या केल्या. कार्ड आले, तेव्हा ते पदवीच्या प्रमाणपत्राइतकेच जपून कपाटात ठेवले आणि वर्षभर त्यास हात लावला नाही.

मग बदलीचा हुकूम आला. सरकारी नोकराची बदली ही लहानशी आपत्तीच असते. सामानाची वाहतूक, अलीगंजातील भाड्याच्या घराची अनामत, मुलीच्या शाळेचा प्रवेश, सगळे एकाच महिन्यात पुढे उभे राहते. बदलीचा भत्ता मात्र आपल्या पावलांनी यथावकाश येतो. चाळीस हजार रुपये कार्डावर गेले. तेवढ्यात साताऱ्याहून दादांचा फोन आला की आईस रुग्णालयात ठेवले आहे. आम्ही रजा काढून धावलो. बिलाचा निम्मा भाग द्यावयाची वेळ आली, तेव्हा आम्ही खिशातून कार्ड काढून खिडकीवरच्या माणसापुढे ठेवले. दादा शेजारी उभे होते. गावात छोटेसे दुकान चालवून त्यांनी आम्हांस पदवीपर्यंत शिकविले. त्यांनी त्या कार्डाकडे आणि मग आमच्याकडे ज्या कौतुकाने पाहिले, ती दृष्टी आम्ही विसरलेलो नाही. धाकटा भाऊ हाताशी आला, असे ते पाहणे होते. त्या क्षणी आम्हीही स्वतःस कमावता पुरुष समजलो. वस्तुतः ते आणखी चाळीस हजार रुपये आमचे नव्हतेच.

ऐंशी हजारांचे देणे घेऊन आम्ही लखनौस परतलो आणि कार्ड पुन्हा कपाटात टाकले. पुढच्या पत्रकावर दोन आकडे होते. एक एकूण देणे आणि दुसरे ‘किमान देय रक्कम’: रुपये चार हजार. मनुष्यस्वभाव असा आहे की दोन आकडे पुढे आले म्हणजे लहान आकडा हाच खरा वाटतो. दरमहा चार हजार आम्ही नेमाने भरू लागलो. आमची समजूत अशी की वीस महिन्यांत वीस चोक ऐंशी होऊन आम्ही मोकळे होऊ. पाढ्यांवर विसंबलेला माणूस असा फसतो. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के होता. महिन्याच्या हिशेबात साडेतीन हा आकडा निरुपद्रवी दिसतो. वर्षाच्या हिशेबात तो बेचाळीस होतो. ऐंशी हजारांवर महिन्याचे व्याज २,८०० रुपये, त्या व्याजावर अठरा टक्क्यांनी वस्तू व सेवा कर ५०४ रुपये, मिळून ३,३०४. म्हणजे आमच्या चार हजारांतून मुद्दलास लागत होते अवघे ६९६ रुपये. चौदा महिन्यांत आम्ही छप्पन्न हजार रुपये भरले आणि मुद्दल तेरा हजारांनीही उतरले नाही. केवळ किमान रक्कम भरीत गेल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा पत्रकावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेले आहे. तो आमच्याही पत्रकावर होता. बारीक अक्षरांतील अटी शोधून काढणे हा ज्याचा रोजचा धंदा, त्या आम्ही तो वाचला नव्हता.

आमच्या पूर्वजांस व्याजाचे हे रूप अपरिचित नव्हते. हिंदू धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून ठेविला होता: एका वेळी मागावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमलातही हा नियम मानला. शेकडा नऊ दराने सरळ व्याज धरले, तर रक्कम दुप्पट व्हावयास अकरा वर्षांहून अधिक काळ लागतो. शेकडा बेचाळीस धरले, तर अडीच वर्षेही लागत नाहीत. शास्त्रकारांनी जी मर्यादा एका पिढीच्या व्यवहारासाठी आखली होती, तिच्याशी हे कार्ड एका भाडेकराराच्या मुदतीत जाऊन पोहोचते.

पंधराव्या महिन्यात मुलीच्या शाळेचे शुल्क भरावे लागले आणि हप्ता चुकला. सोळाव्यात मागचा व चालू असे दोन्ही भरणे जमेना. म्हणून एकही भरला नाही. सतराव्या महिन्यापासून आम्ही पत्रक उघडणेच सोडले. येथे आमच्या स्वभावातील एक विसंगती कबूल केली पाहिजे. कार्यालयात दुसऱ्याचे प्रकरण आमच्या टेबलावर दोन दिवसांवर कधी पडून राहिले नाही. तातडीच्या चिठ्ठ्या लावण्यात तर आमचा हातखंडा. स्वतःच्या प्रकरणावर मात्र आम्ही तेरा महिने कोणताही शेरा मारला नाही. न उघडलेल्या पत्रात जे लिहिले आहे ते अजून घडलेले नाही, असा काहीसा भ्रम मनाला होतो. त्या भ्रमाचे भाडे महिन्याला पावणेतीन हजार व्याज आणि वर विलंबशुल्क, इतके पडत होते.

मग तगादा सुरू झाला. प्रथम गोड आवाजातील स्मरण, नंतर कोरडी विचारणा, आणि शेवटी, ‘सरकारी नौकर होकर शर्म नहीं आती?’ फोन सकाळी सातास येई, रात्री नऊस येई. तुरुंगाची धमकी मिळे. एके दिवशी तर फोन साताऱ्यास गेला. अर्ज भरताना ओळखीचा मनुष्य म्हणून दादांचा क्रमांक आम्हीच दिला होता. दादा दुकानात गिऱ्हाइकांसमोर होते. तुमचा भाऊ लबाड आहे, असे त्यांस सांगण्यात आले.

वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर ऋणकोस फोन करू नये, शिवीगाळ वा धाकदपटशा करू नये, त्याच्या कुटुंबीयांच्या व स्नेह्यांच्या खाजगी जीवनात शिरून चारचौघांत त्याची मानहानी करू नये, असे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये काढले होते. परिपत्रकांवर ज्याचा चरितार्थ चालतो, त्या कारकुनास आपल्या बचावाचे एकमेव परिपत्रक ठाऊक नसावे, यास काय म्हणावे! पुढे ते ठाऊक झाल्यावर आम्ही बँकेच्या तक्रार-कक्षाकडे फोनच्या वेळा व तारखा लिहून लेखी तक्रार केली. त्यानंतर फोन थांबले. पण दादांच्या कानी जे पडावयाचे ते पडून गेले होते.

मराठी मुलखात जुन्या काळी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. तो स्वतः उपाशी राही आणि घरातल्या माणसांसही अन्न घेण्याची चोरी होई. प्रथा क्रूर खरीच. परंतु तीत मागणारा देणाऱ्याच्या तोंडासमोर बसे आणि त्याच्याबरोबर भूक सोशी. पहिले बाजीराव पेशवे यांच्यासारखा पराक्रमी पुरुषही सावकारांच्या तगाद्याने जेरीस आला होता. ब्रह्मेंद्रस्वामींस त्यांनी लिहिलेल्या पत्रांतून ती व्यथा वाचावयास मिळते. पण त्यांच्या सावकारांस नाव होते, चेहरा होता. आमच्या सावकाराचा आवाज दर आठवड्यास निराळा असे, आणि आम्ही आपली अडचण एकास सांगितली तर ती दुसऱ्यास ठाऊक नसे.

दादांनी त्या रात्री फोन केला. रागावतील अशी आमची अपेक्षा होती. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आईच्या वेळचे पैसे यातलेच का रे?” आम्ही हो म्हटले. ते म्हणाले, “तेव्हाच बोलला असतास तर मी इथल्या पतपेढीतून काढले असते. वर्षाला बारा टक्के. तुला साडेतीन महिन्याला पडतात म्हणतोस?” आणि थोड्या वेळाने, “माझ्यापुढे मोठेपणा कशाला दाखवायचा होता?” नंतर आम्ही हिशेब करून पाहिला. ऐंशी हजारांचे कर्ज बारा टक्क्यांनी घेऊन दरमहा सुमारे ३,७६६ रुपये भरले असते, तर ते चोवीस महिन्यांत समूळ फिटले असते. म्हणजे आम्ही जो चार हजारांचा हप्ता भरीत होतो, त्याहून लहान हप्त्यात. ही भावाभावांतील एका वाक्याची किंमत होती आणि ते वाक्य आम्ही बोललो नव्हतो.

यानंतर थोड्याच दिवसांत न्यायालयाचा शिपाई समन्स घेऊन घरी आला. आम्ही दौऱ्यावर गेलो होतो, आमच्या सौ.ने सही करून ते घेतले. शेजारच्या टेबलावरील एका स्नेह्याने आम्हांस आधीच सल्ला देऊन ठेवला होता की समन्स आले तर घ्यावयाचेच नाही, म्हणजे दावा पुढे सरकत नाही. त्या सल्ल्यावर विसंबून आम्ही निर्धास्त होतो. रात्री परतलो, जेवावयास बसलो, तेव्हा ताटाच्या उजव्या बाजूस ते कागद नीट घडी करून ठेवलेले दिसले. दाव्याची रक्कम एक लाख अठरा हजार. आम्ही काही बोलण्यापूर्वी सौ.ने आपली हिशेबाची वही आणली आणि बोट ठेवून दाखविले. “दर महिन्याला चार हजार कमी पडायचे. तुम्ही किरकोळ म्हणायचात, मी किरकोळ लिहायची. चौदा महिने लिहिलंय. पंधराव्यापासून कमी पडेनात, तेव्हा मला वाटलं, काय असेल ते संपलं. अहो, मला विचारलंत का नाही?” आम्ही उत्तर दिले नाही. द्यावयास उत्तर नव्हते. ‘किरकोळ’ हा शब्द चौदा वेळा तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी करावयाची पहिली गोष्ट फार अवघड होती. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, यांतील सतरावा नियम सांगतो की सरकारी नोकराने आपले खाजगी व्यवहार असे ठेवावेत की नित्याच्या कर्जबाजारीपणाचा वा दिवाळखोरीचा प्रसंग येऊ नये. आणि कर्जवसुलीसाठी त्याजविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू झाल्यास तिची संपूर्ण हकीकत त्याने तत्काळ सरकारास कळवावी. कर्ज आपल्या उधळेपणामुळे झाले नसून, सामान्य दक्षता बाळगूनही अंदाज न येणाऱ्या किंवा आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे झाले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच टाकलेला आहे. हा नियम आम्ही इतरांच्या प्रकरणांत दोनदा उद्धृत केला होता. स्वतःविषयी तो लिहिताना मसुदा तीनदा फाडावा लागला. दावा लपविण्याचा मोह झाला नाही, असे म्हणणार नाही. पण कर्ज ही अडचण आहे. लपविलेला दावा हा गुन्हा ठरू शकतो, एवढे आम्हांस कळत होते. आईच्या रुग्णालयाचे बिल आणि बदलीचा हुकूम यांच्या नकला जोडून आम्ही तो कागद बडे बाबूंसमोर ठेवला. हे लखनौचेच जुने गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, कागद वाचला, आवक-नोंद करण्यासाठी बाजूस ठेवला आणि हळूच म्हणाले, “आपने लिखकर दे दिया, अच्छा किया. लोग छिपाते हैं.” मग कैसरबागेतील एका वकीलसाहेबांचे नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले.

वकीलसाहेब वयोवृद्ध, बोलणे अदबीचे, अंगात शेरवानी आणि टेबलावर पानाचा डबा. समन्स घ्यावयाचेच नाही, या आमच्या स्नेह्याच्या युक्तीस ते मंद हसले. घेण्याचे नाकारलेले समन्स दारावर चिकटविता येते आणि मग प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठी मुदत तीस दिवसांची, आणि गैरहजेरीस सबळ कारण दाखवावे लागते. त्यांनी प्रथम पाहिले ते समन्स कोणत्या जातीचे आहे. संक्षिप्त दाव्याचे असते, तर हजेरी नोंदविण्यास केवळ दहा दिवस मिळाले असते. आमचे साध्या दाव्याचे होते. त्यात लेखी कैफियतीस तीस दिवस असतात आणि न्यायालयाने कारण मान्य केल्यास ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढते. आपण ज्यास कैफियत म्हणतो, त्यास तेथे जवाबदावा म्हणतात. आपली जप्ती ती तेथील कुर्की. शब्द निराळे, पण पोटात येणारा गोळा तोच.

आमची सर्वांत मोठी भीती पगारावरील जप्तीची होती. ती त्यांनी आकड्यांनी कमी केली. अशा हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांस हात लावता येत नाही. जप्तीयोग्य पगार ४६,००० असेल, तर ४५,००० चा तिसरा हिस्सा म्हणजे १५,००० इतकीच जप्ती होऊ शकते, आणि तीही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिन्यांहून अधिक चालत नाही. भविष्यनिर्वाह निधीस संरक्षण आहे. तुरुंगाचे म्हणाल, तर देण्याची ऐपत असून बुद्ध्या न देणाऱ्याची गोष्ट वेगळी. केवळ दारिद्र्यामुळे देणे चुकले म्हणून कोणास बंदिवासात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ठरविले आहे.

आम्ही बेचाळीस टक्क्यांवर तावातावाने बोलू लागलो. त्यांनी हात वर करून थांबविले. “जनाब, ब्याज पर बहस मत कीजिए, हिसाब पर कीजिए.” बँकेच्या व्याजाचा दर अवाजवी आहे म्हणून न्यायालयाने व्यवहार उकरून काढू नये, असे कलम बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून आहे. तीस टक्क्यांवरचे कार्डाचे व्याज ही अनुचित प्रथा होय, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणून त्यांनी आमच्याकडून सर्व पत्रके मागविली आणि ओळीओळीने वाचली. जे काम आम्ही सत्तावीस महिने टाळले होते, ते दोन दुपारींत झाले. आम्ही कधी न मागितलेल्या कसल्याशा विम्याचा हप्ता दरमहा लागत होता, तो तेथे सापडला. त्याची नोंद कैफियतीत गेली.

त्या दुपारी आम्हांस आपल्या दख्खनच्या कुणब्यांची आठवण झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जरोख्यांची होळी केली. दंगा पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपून कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता आणि कुळांवर एकतर्फी हुकूमनाम्यांचा पाऊस पडत होता. कोर्टात जाण्याची भीती, कागद वाचता न येणे, वकिलास पैसा नसणे, अशा कारणांनी कूळ हजरच होत नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्यास सांगितले, कर्जासाठी होणारी शेतकऱ्याची अटक थांबविली आणि गावोगावी सलोखा करणारे नेमण्याची व्यवस्था केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम काही वर्षे केले. ते कुणबी निरक्षर म्हणून हजर राहत नसत. आम्ही पदवीधर असून गैरहजर राहण्याच्या बेतात होतो. शिक्षणाने आमच्यात व त्यांच्यात जो फरक पडावयास हवा होता, तो या एका बाबतीत मुळीच पडला नव्हता.

सलोख्याची ती जुनी कल्पना आज लोकअदालतीच्या रूपाने जिवंत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला अधिकार दिले. वकीलसाहेबांनी प्रकरण तेथे नेले. न्यायालयाच्या आवारात मंडप, टेबलांच्या रांगा, एका टेबलाशी बँकेचा तरुण अधिकारी. गळपट्टा तसाच, वय तेवढेच. आमची सही घेणाऱ्या त्या मुलाचीच आठवण झाली. विम्याची रक्कम त्याने निमूटपणे वजा केली. मग विलंबशुल्क, मग व्याजाचा काही भाग. शेवटी ऐंशी हजारांवर तडजोड झाली: दहा हजारांचे आठ हप्ते, एकही चुकल्यास सारी रक्कम एकदम वसूल. तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी आम्ही तो कागद तीनदा वाचला. आयुष्यात कर्जाचा कागद इतका वाचण्याची ती पहिलीच वेळ. हेही सांगितले पाहिजे की अशी तडजोड पतमापन संस्थेच्या दप्तरात ‘फेडले’ अशी न लिहिता ‘तडजोडीने मिटविले’ अशी लिहिली जाते आणि पुढे कर्ज मागावयास गेल्यास ती नोंद आडवी येते. आमची त्याबद्दल तक्रार नाही. खरे तेच लिहिले गेले. आधीचे छप्पन्न आणि हे ऐंशी मिळून एक लाख छत्तीस हजार, हा त्या ऐंशी हजारांचा एकूण भाव.

निवाड्यानंतर वकीलसाहेबांची फी देण्यास गेलो, तेव्हा ते हुसेनाबादेस निघाले होते. ते वसीकेदार आहेत. अवधच्या नबाबांनी, विशेषतः गाझीउद्दीन हैदर याने, १८१४ च्या नेपाळ युद्धापासून पुढे ईस्ट इंडिया कंपनीस कोटींची कर्जे दिली, आणि व्याज आपल्या आप्तांस व आश्रितांस पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहावे असा करार करून घेतला. कंपनी गेली, नबाबी गेली, इंग्रजी राज्य गेले. वसीका अजून वंशजांस मिळतो. वाटण्या होत होत कित्येकांच्या वाट्यास काही रुपये उरले आहेत. वकीलसाहेब म्हणाले, “रिक्शे का किराया इससे ज़्यादा पड़ता है. मगर जाता हूँ. काग़ज़ पर नाम है.” आम्ही त्यांच्याबरोबर रिक्षापर्यंत चालत गेलो. दोन शतकांपूर्वीच्या कर्जाच्या कागदावर नाव असण्याचा अभिमान धरणारे ते, आणि दोन वर्षांच्या कर्जाच्या कागदावरील आपले नाव लपवीत फिरलेले आम्ही. फरक देणे आणि घेणे एवढाच नव्हता. त्यांच्या घरात तो कागद सर्वांस ठाऊक होता.

परप्रांतात बदलून आलेल्या माणसाची मोठी अडचण अशी की हात पसरावयास ओळखीचे दार नसते. गावी असतो तर दादांकडे गेलो असतो, पतपेढीच्या चिटणिसाने चार प्रश्न विचारले असते, सौ.ला आपोआप कळले असते. कार्ड काही विचारीत नाही. त्या न विचारण्यासच आम्ही प्रतिष्ठा समजलो. आता आम्ही दादांस दर रविवारी फोन करतो आणि पैशांचेही बोलतो. सुरुवातीस जीभ जड होई. अलीकडे होत नाही. परवा आठवा हप्ता भरला. दादांस सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “बरं झालं. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.”

कार्यालयात सतराव्या नियमाखालील आमचे प्रकरण निवाड्याची प्रत जोडून बंद झाले. घरी सौ.ची वही मात्र चालू आहे. गेले आठ महिने तीत पहिलीच ओळ ‘कर्जफेड, दहा हजार’ अशी असे. या महिन्यात ती ओळ नाही. ‘किरकोळ’ या सदरात साठ रुपये आहेत. कसले, असे आम्ही विचारले. तिने लगेच सांगितले.